बोट घेऊ नका, आधी उंबऱ्याची उंची मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला, नाग नदीच्या काठावर एक जुना लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेली वस्ती. सप्टेंबर २०२३ च्या पुरात तळमजल्यांवर पाणी शिरलं. आता रहिवाशांनी समिती केली आहे. काहींचं म्हणणं, वर्गणी काढून रबरी बोट आणि लाइफ जॅकेट घ्यावीत. काहींचं म्हणणं, हे महापालिकेचं काम, आपण कशाला पडायचं. प्रशिक्षण कोणाकडून घ्यायचं, इंजिनिअर आणि सरकारी खाती यांना कसं जोडून घ्यायचं, हेही विचारलं आहे. शिवाय एकाचं मूळ गाव याच जिल्ह्यात मौद्याकडे आहे; तिथे हीच योजना चालेल का?

मी पावसाळी पाण्याचा निचरा आणि वस्तीपातळीवरचं आपत्ती नियोजन या कामात बरीच वर्षं आहे. त्यामुळे उत्तर लांबणार, हे आधीच सांगतो.

बोट घेऊ नका. लेआउटच्या गल्लीत शिरलेलं पुराचं पाणी तलावासारखं उभं नसतं, त्याला ओढ असते. त्याखाली कंपाउंडच्या भिंती, गेटचे भाले, उघडी चेंबरं आणि कधीकधी जिवंत वीजप्रवाह असतो. अशा पाण्यात बोट चालवणं हे एसडीआरएफच्या (राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या) जवानांचं रोजच्या सरावाचं काम आहे. समितीच्या बोटीला दोन वर्षं हात लागणार नाही, उंदीर ट्यूब कुरतडतील, आणि ऐन वेळी एखादा उत्साही पोरगा ती घेऊन मुख्य रस्त्यावर उतरेल. तोच पैसा मीटरच्या पेट्या वर उचलण्यात घाला. त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी त्या रात्रीकडे नीट पाहू. २२ सप्टेंबर २०२३ ला महालक्ष्म्यांचं जेवण होतं. घरोघरी पाहुणे, उशिरापर्यंत आवराआवर, मग सगळे गाढ झोपलेले. मध्यरात्रीनंतर पावसाने जोर धरला आणि चार तासांत सुमारे ९० मिलिमीटर पाणी पडलं. एक चौरस किलोमीटरवर ९० मिलिमीटर म्हणजे ९ कोटी लिटर. अंबाझरी तलाव तुडुंब होता. १८७० च्या सुमारास बांधलेल्या या तलावाच्या सांडव्यावर तेव्हा दरवाजे नव्हते. पातळी काठाच्या वर गेली की पाणी आपोआप ओसंडतं. लोक अजूनही ‘रात्री पाणी सोडलं’ असं म्हणतात. सोडायला तिथे कोणी बसलेलं नव्हतं, त्यामुळे ‘आता सोडतोय’ असा निरोप येण्याचीही सोय नव्हती. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीपासून सीताबर्डी आणि मोरभवन बसस्थानकापर्यंत पाणी पोचलं. माणसं गेली, त्यांत वृद्ध महिला होत्या. एनडीआरएफ (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल), एसडीआरएफ, अग्निशमन दल, लष्कर, सगळे उतरले आणि शेकडो लोकांना त्यांनी बाहेर काढलं. पण पाणी घरात शिरलं त्या पहिल्या तासा-दीड तासात बहुतेक घरांजवळ शेजाऱ्यांशिवाय कोणी नव्हतं.

तुमची सगळी योजना या एका गोष्टीवर उभी राहिली पाहिजे. नागपूर शहराचा पूर झटपट येतो, बऱ्याचदा रात्री येतो, आणि बाहेरची मदत पोचेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं. पहिले दोन तास तुमचेच असतात. ‘महापालिका बघून घेईल’ हे त्या दोन तासांपुरतं तरी चालत नाही. उरलेल्या वर्षभरात मात्र महापालिकेला सोडायचं नाही.

हवामानाचा इशारा वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. हवामान खात्याचे वर्ग २४ तासांच्या पावसावर ठरतात: ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर हा एक वर्ग, त्यापुढे २०४.४ पर्यंत दुसरा, त्याच्याही वर तिसरा. म्हणजे ९० मिलिमीटर या तक्त्यात पहिल्याच पायरीवर बसतो. तेवढाच पाऊस दिवसभर झडीसारखा पडला तर आपण भजी तळतो, चार तासांत पडला तर फ्रिज तरंगतो. आणि जूनचे ९० वेगळे, सप्टेंबरचे वेगळे. जूनमध्ये जमीन तहानलेली असते, तलावात जागा असते. पोळ्यानंतर जमीन भिजून गच्च आणि तलाव काठोकाठ. म्हणून इशारा पिवळा की नारिंगी एवढंच बघून झोपू नका. सोनेगावच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडून दर तीन तासांचा तातडीचा अंदाज निघतो, रडारचं चित्रही मोबाइलवर पाहता येतं. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत रात्री ते पाहण्याची पाळी लावा. दोघांची लावा, एकाची नको. एकाला झोप लागतेच.

आता मोजमाप. समितीने पहिलं काम हेच करावं, कारण बाकी सगळं त्यावर बेततं. २०२३ च्या पाण्याची खूण अजून बऱ्याच भिंतींवर असेल. रंग दिला असेल तर जुन्या फोटोंत दिसेल. ती जागोजागी पक्क्या रंगाने आखून घ्या. मग ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायचं यंत्र) घेऊन एक सर्व्हेअर बोलवा, किंवा व्हीएनआयटी या इथल्या इंजिनिअरिंग संस्थेच्या स्थापत्य विभागाला विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी विचारा. अशी कामं त्यांनाही हवी असतात. समुद्रसपाटीपासूनची उंची मिळाली तर उत्तमच, पण ती नसली तरी अडत नाही. लेआउटमधला एखादा न हलणारा ओटा शून्य धरा. त्याच्या तुलनेत प्रत्येक घराचा उंबरा, प्रत्येक चेंबरचं झाकण, मीटरच्या पेटीचा तळ, पाण्याच्या टाकीचं तोंड, नदीकाठच्या भिंतीचा माथा आणि जवळच्या पुलाच्या कमानीचा तळ यांच्या उंच्या काढा. एका दिवसाचं काम आहे. संध्याकाळी हातात जो तक्ता येतो त्यातून कोणाच्या घरात पाणी आधी येणार आणि कोणाच्या घरात सर्वांत शेवटी, हे कळतं. शेवटचं घर म्हणजे तुमचा आसरा. बहुतेक वस्त्यांमध्ये हा तक्ता पाहून लोक चक्रावतात. नदीला लागून असलेलं घर उंचावर निघतं, आणि चार गल्ल्या आतलं, ‘आपल्याकडे काय येतंय’ म्हणणारं घर खोलगट जागेत.

कारण पाणी फक्त नदीतून येत नाही. नदी फुगली की तिला मिळणाऱ्या पावसाळी नाल्या आणि गटारी उलट्या वाहू लागतात, आणि पाणी आधी तुमच्या न्हाणीघरातून किंवा अंगणातल्या चेंबरमधून वर येतं. काठावर भिंत बांधून हे थांबत नाही. घराच्या गटारजोडणीवर उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवावा लागतो आणि तो दर मे महिन्यात उघडून साफ करावा लागतो, नाहीतर ऐन वेळी तो अडकून उघडाच राहतो.

पुलाच्या खांबावर किंवा काठच्या भिंतीवर, परवानगी घेऊन, दहा-दहा सेंटिमीटरच्या पट्ट्यांची मोजपट्टी रंगवा. रात्री टॉर्चने दिसेल अशा रंगात. पावसाळ्यात दर मोठ्या सरीला तीन गोष्टी वहीत लिहा: सर किती वाजता लागली, सोसायटीच्या पर्जन्यमापकात तासाला किती भरलं, पट्टीवर पाणी किती वाजता कुठे होतं. दोन पावसाळ्यांनंतर ही वही कुठल्याही सल्लागाराच्या अहवालापेक्षा तुमच्या जास्त उपयोगी पडेल. कोणत्या खुणेला काय करायचं, हे तिच्यातूनच ठरवा. माझ्याकडून आयता आकडा मागू नका; शेजारच्या लेआउटचाही तुम्हाला चालणार नाही. फक्त वेळेचा अंदाज देतो. सांडव्यापासून पात्रातलं अंतर ३ किलोमीटर धरा. पुरातलं पाणी सेकंदाला दीड ते दोन मीटर धावलं तर २५ ते ३३ मिनिटं. पण पाण्याची चढती लाट पाण्याच्या कणांपेक्षा वेगाने पुढे सरकते, म्हणून हातात २० मिनिटंच आहेत असं समजा. तेवढ्यात काय होतं? माणसं वरच्या मजल्यावर जातात आणि वीज बंद होते. सोफा हलवायला वेळ उरत नाही, आणि तो हलवायच्या नादाला कोणी लागू नये हे समितीने आधीच ठणकावून सांगावं.

वीज हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग. पार्किंगमध्ये गुडघाभर उंचीवर मीटरच्या पेट्या, खड्ड्यात लिफ्टची मोटर, अंगणात पंप. महावितरणकडे अर्ज करून पेट्या २०२३ च्या खुणेच्या वर किमान अर्धा मीटर न्या. मुख्य स्विच कोण बंद करणार, त्याच्या गैरहजेरीत कोण, आणि पाणी किती जवळ आलं की कोणीच त्याच्याजवळ जायचं नाही, हे लिहून पेटीशेजारीच चिकटवा. लिफ्ट वर नेऊन बंद करायची. महावितरणच्या उपकेंद्राचा नंबर समितीतल्या चौघांच्या तरी मोबाइलमध्ये असू द्या, कारण काही वेळा अख्ख्या गल्लीचा पुरवठा तोडायला तुम्हालाच सांगावं लागतं. आणि मोठ्या इमारतींना हे लागू नाही असं कोणी म्हणालं तर ६ जुलै २०१८ ची आठवण द्या. विधानभवनाच्या वीजखोलीत पावसाचं पाणी शिरलं आणि अधिवेशनाचं कामकाज थांबवावं लागलं.

माणसांची यादी करताना घरमालकांवर थांबू नका. भाडेकरू, वसतिगृहातली मुलं, जिन्याखाली राहणारं वॉचमनचं कुटुंब, डायलिसिसवरचे, ऑक्सिजनवरचे, अंथरुणाला खिळलेले. २०२३ ला मूकबधिर विद्यालयातल्या ४० विद्यार्थ्यांची सुटका करावी लागली होती. भोंगा वाजवून तुम्ही अशा मुलांना काय उठवणार? त्यांच्यासाठी खोलीत जाऊन हलवून उठवणारा माणूस नेमावा लागतो, किंवा चमकणारा दिवा लावावा लागतो. प्रत्येक अशा व्यक्तीसमोर दोन शेजाऱ्यांची नावं लिहा. नातेवाइकांची लिहू नका. मुलगा हिंजवडीत असतो.

प्रशिक्षणाच्या बाबतीत नागपूर नशीबवान आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय इथे, एनडीआरएफची अकादमी इथे, राज्याच्या एसडीआरएफची तुकडीही इथे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. त्यांच्या कार्यालयातल्या आपत्ती कक्षाकडे लेखी मागणी करा. तुमच्यातल्या तीन-चार धडधाकट तरुणांना ‘आपदा मित्र’ योजनेच्या बारा दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवता आलं तर जरूर पाठवा. बाकीच्यांना अग्निशमन केंद्राकडून दोर, स्ट्रेचर आणि सीपीआर एवढं शिकवून घ्या. पोहणं येतं म्हणून कोणाला बचाव पथकात घालू नका. अंबाझरीत पोहलेला माणूस नदीच्या लोंढ्यात टिकेलच असं नाही.

पण मॉक ड्रिलबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. रविवारी सकाळी अकरा वाजता, बॅनर लावून, चहा-पोह्यांसकट होणारी ड्रिल म्हणजे फोटोंचा कार्यक्रम. त्याआधी टेबलाभोवती बसून करायचा सराव करा. दहा-बारा जण, उंच्यांचा तक्ता, लेआउटचा नकाशा आणि एक प्रश्न विचारणारा. तो सांगतो: रात्रीचे पावणेदोन. पट्टीवर पाणी अमुक खुणेला. अध्यक्ष पुण्याला गेलेत. आता कोण ठरवणार? ठरवलं. मोबाइलचं नेटवर्क गेलं. निरोप कसा जाणार? शिट्टीने. मागच्या गल्लीत शिट्टी ऐकू येत नाही. मग? तिथल्या घराची चावी कोणाकडे आहे? काकू म्हणतात, मी घर सोडून येणार नाही, देव्हारा आहे. आता काय? तासाभरात योजनेतली सगळी भोकं दिसतात. मी पाहिलंय, बहुतेक समित्या ‘कोण ठरवणार’ या पहिल्याच प्रश्नावर अडकतात. म्हणून नियम करा: ठरलेल्या खुणेला पाणी लागलं की पाळीवरचा माणूस कोणालाही न विचारता शिट्टी वाजवेल, आणि इशारा खोटा ठरला तरी दुसऱ्या दिवशी त्याची चेष्टा करायची नाही. हा नियम सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या. त्यानंतर एक खरी ड्रिल घ्या, जुलैतल्या पावसात, रात्री, मुख्य स्विच बंद करून. आजोबांना जिन्यावरून वर न्यायला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून बघा.

तज्ज्ञ आणि खाती यांना जोडायचं म्हणजे सगळ्यांना एका ग्रुपवर घेणं नव्हे. अडचण वेगळीच आहे. प्रत्येक जण वेगळ्या मापात बोलतो. जलसंपदावाला क्युमेकमध्ये (सेकंदाला किती घनमीटर पाणी), महापालिकेचा इंजिनिअर नाल्याच्या रुंदीत, महसूलवाला बाधित कुटुंबांत, नगररचनावाला पूररेषेत, आणि तुम्ही ‘कंबरभर’ म्हणता. तुमचा उंच्यांचा तक्ता इथे कामाला येतो. ‘कंबरभर पाणी’ ही तक्रार फाइलला लागते. ‘२०२३ ची पातळी पुलाच्या तळापेक्षा इतके सेंटिमीटर वर होती, छेद असा, गाळ इतका’ हे लिहिलं की समोरच्या इंजिनिअरला त्याच्या वरिष्ठाकडे न्यायला कागद मिळतो. बऱ्याचदा त्यालाही काम करायचंच असतं, हातात आधार नसतो.

एप्रिल संपायच्या आत एकदा सगळ्यांना नदीवर चालायला बोलवा: झोन कार्यालयाचा कनिष्ठ अभियंता, जलसंपदाचा माणूस, महावितरणचा लाइनमन, जवळच्या अग्निशमन केंद्राचा अधिकारी, जमलं तर एमआरसॅकचा (उपग्रहचित्रांवरून नकाशे करणाऱ्या राज्याच्या केंद्राचा) किंवा व्हीएनआयटीचा कोणी. बैठकीच्या खोलीत हे लोक आपापल्या खात्याची बाजू मांडतात. नदीत उभं केलं की एकमेकांना विचारतात, ‘हा पाइप कोणाचा?’ पुलाच्या कमानीत आडवी गेलेली जलवाहिनी, अर्धवट तोडलेली भिंत, काठावरच ढीग करून ठेवलेला गाळ, अशा गोष्टी तिथेच दिसतात. उन्हाळ्यात महापालिका नाग, पिवळी आणि पोरा नद्यांची सफाई करते. गाळ काढला की नाही याइतकंच तो उचलून नेला की नाही हे बघा, कारण काठावरचा गाळ पहिल्या मोठ्या सरीला परत पात्रात.

मोठ्या कामांबद्दलही बोललं पाहिजे. सांडवा, त्याखालचं आवळलेलं पात्र, पूल आणि तलावाच्या पायथ्याची बांधकामं हा विषय २०२३ नंतर रहिवाशांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर नेला आणि त्यानंतरच कामांना गती आली. पण ती पूर्ण झाली की धोका संपेल असं मानू नका. केंद्राच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे अगदी मोठ्या शहरांच्या महत्त्वाच्या भागांतही पावसाळी नाल्या साधारण पाच वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसासाठी आखतात. त्याहून मोठा पाऊस आला की स्वच्छ, रुंद, नवी नालीसुद्धा भरून वाहणारच. ते जास्तीचं पाणी कुठून जाणार, ही वाट शोधणं हे नियोजन. ती वाट म्हणजे बहुधा तुमचा रस्ता किंवा मैदान. तिच्यावर कोणी गेटसाठी उंचवटा, ओटा किंवा दुकान बांधत असेल तर वेळीच अडवा, तो समितीचा सदस्य असला तरी. आणि जुनं घर पाडून नवी इमारत येत असेल तर आधी पूररेषा तपासा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकाम नको, दोहोंच्या मध्ये असेल तर तळमजला मोकळा ठेवा. बिल्डर म्हणेल रस्ता उंच करून देतो. रस्ता उंच झाला की जुन्या घरांचे उंबरे खाली जातात, हे तुमच्या तक्त्यावरून त्याला तिथल्या तिथे दाखवता येईल.

आता मौद्याकडचं गाव. तिथे ही योजना जशीच्या तशी नेऊ नका. ते कन्हान नदीचं खोरं. वर पेंच नदीवर तोतलाडोह आणि नवेगाव खैरी ही धरणं, त्याच्याही वर छिंदवाड्यात चौराई धरण. तिथे पूर धरणांच्या विसर्गाने येतो आणि हातात काही तास, कधी त्याहून जास्त वेळ असतो. ऑगस्ट २०२० अखेरीस पेंचवरच्या धरणांचे दरवाजे उघडावे लागले, तेव्हा पारशिवनी, कामठी, मौदा या पट्ट्यात पाणी पसरलं. तिथे गरज आहे ती विसर्गाचा आकडा गावापर्यंत नेणाऱ्या साखळीची: पाटबंधारे, तहसील, तलाठी, पोलीस पाटील, कोतवाल. किती विसर्गाला गावात कुठवर पाणी येतं याचा तक्ता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवा. जनावरं कुठे न्यायची ते ठरवा. जनावरांसाठी माणसं मागे थांबतात आणि अडकतात. वेळ मिळतो म्हणून गाफील राहू नका. नरखेड तालुक्यात वर्धा नदीकाठच्या मोवाडला ३० जुलै १९९१ ला पुराने २०४ माणसं नेली. तेही आपल्याच जिल्ह्यात.

पुरानंतरचं थोडक्यात. साफसफाईच्या आधी फोटो काढा, पाण्याची खूण फोटोत येऊ द्या. पंचनाम्याशिवाय मदत मिळत नाही. २०२३ ला घरटी १० हजार रुपये आणि दुकानांना नुकसानीप्रमाणे ५० हजारांपर्यंत जाहीर झाले होते, त्यावरून भरपाईची अपेक्षा किती ठेवायची ते समजा. बुडालेली गाडी चालू करून पाहू नका, टो करून न्या. जमिनीखालची टाकी उपसून, क्लोरिन टाकून, पुन्हा उपसल्याशिवाय प्यायला वापरू नका.

१०७७ हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर, १०१ अग्निशमनचा, ११२ सगळ्यांसाठी. त्यावर काय बोलायचं तेही लिहून ठेवा: लेआउटचं नाव, जवळची खूण, पाणी किती, अडकलेले किती, त्यांत न चालू शकणारे किती. घाबरलेला माणूस ‘लवकर या’ म्हणून फोन ठेवतो आणि गाडी चुकीच्या गल्लीत जाते.

येत्या सभेत एवढेच तीन ठराव मांडा: सर्व्हेअर बोलावणे, मीटरच्या पेट्यांसाठी महावितरणला अर्ज, आणि रात्रीच्या पाळीची यादी. बोटीचा विषय कोणी काढलाच तर त्याचं नाव पाळीत पहिलं घाला.